आवड, नावड आणि समीक्षा : पीण्यातील मराठी श्रोत्यांच्या निमित्ताने

१

लोकसाहित्याच्या संकलनाची मराठीतील परंपरा समृद्ध आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी हे काम आपापल्या दिशेने पुढे नेले, गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला. या साऱ्या उद्योगाविषयी कृतज्ञताच वाटते. तथापि त्यात एक प्रश्न सहसा विचारला गेलेला नाही. ओवी सांगणाऱ्या बाईला कोणती ओवी आवडत नाही, शेजारणीपैकी कोणाचा गळा तिला नकोसा वाटतो आणि का, हा तो प्रश्न. कष्टकरी माणसाकडून आपण गाणे घेतले, गाण्याविषयीचे त्याचे मत घेतले नाही. गाणे त्याचे आणि मत आपले, अशी एक अलिखित वाटणी आपल्या विद्यापीठीय अभ्यासात रूढ झालेली दिसते.

प्रस्तुत लेखात या वाटणीचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी निवडलेले स्थळ काहीसे अनपेक्षित वाटण्याचा संभव आहे. बंगळुरूच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र हे यंत्रांचे सुटे भाग, ओतकाम, धातूवरील मुलामा, तयार कपडे अशा हजारो लहानमोठ्या उद्योगांनी गजबजलेले आहे. २०१४ साली तेथे मेट्रो पोहोचली. सांस्कृतिक नकाशावर या नावाची नोंद कोणी करीत नाही. पण ज्या रस्त्यावर ते वसले आहे तो रस्ता म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४, आताचा ४८. पीण्याहून याच रस्त्याने उत्तरेकडे निघाले की हुबळी, धारवाड, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे अशी गावे लागतात. थोडी वाट वाकडी केली तर गदग, कुंदगोळ, मिरज. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, सवाई गंधर्व कुंदगोळचे, अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारी होते, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे. किराणा आणि जयपूर-अत्रौली या दोन घराण्यांचा दक्षिणेकडील विस्तार या एका रस्त्याच्या दोन्ही अंगांनी झाला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि याच रस्त्याने बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या भागांतील मराठी माणसे पीण्याला कामासाठी येत राहिली.

दक्षिणेतील वास्तव्यात सुटीच्या दिवशी या भागातील मराठी श्रोत्यांशी जे बोलणे झाले, त्यातील काही मते येथे आधाराला घेतली आहेत. हे सर्वेक्षण नाही. नमुना, टक्केवारी, कोष्टके यांचा येथे संबंध नाही. कोणाला कोणता गायक आवडतो, कोणती ध्वनिमुद्रिका नकोशी वाटते, आणि विशेषतः ‘का’ या प्रश्नाला काय उत्तर मिळते, एवढ्यापुरतीच ही चौकशी मर्यादित आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘आवडणे’ हे मराठीतील एक विलक्षण क्रियापद आहे. ‘मला भीमसेन आवडतात’ या वाक्याचा कर्ता भीमसेन आहेत. ज्याला ते आवडतात तो चतुर्थीत, काहीसा बाजूला उभा असतो. ‘मी आवडतो’ असे म्हटले तर अर्थ उलटाच होतो. म्हणजे आवड ही आपल्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे, आपण करावयाची कृती नव्हे, असे मराठीचे व्याकरणच सुचविते. निवड मात्र आपण करतो. ‘आवडनिवड’ हा जोडशब्द आपण सहज वापरतो, पण त्याच्या दोन अंगांत घडणे आणि करणे एवढे अंतर आहे. नावडीचे तर आणखी निराळे. श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीत राजाच्या सुनांपैकी एक नावडती असते. तिला उष्टे जेवण, जाडेभरडे नेसू आणि राहायला गुरांचा गोठा मिळतो. ती नावडती का, हे कहाणी सांगत नाही, आणि ऐकणाऱ्या कोणालाही तसे विचारावेसे वाटत नाही. नावड ही कारणाशिवायच असते, असे जणू गृहीतच आहे.

सौंदर्यशास्त्रात या प्रश्नाची जी मांडणी झाली ती मराठी अभ्यासकांना रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे परिचित आहे. कांटने १७९० मध्ये ‘हे मला रुचते’ आणि ‘हे सुंदर आहे’ या दोन विधानांत भेद केला. पहिल्यात वाद नाही. कॅनरी बेटांची मदिरा मला गोड लागते, तुम्हांला न लागली तरी बिघडत नाही. दुसऱ्यात मात्र इतरांच्या संमतीची मागणी अनुस्यूत असते. समीक्षेचे क्षेत्र दुसऱ्या विधानापासून सुरू होते, असे आपण वर्गात शिकवितो. आणि सामान्य श्रोत्याचे मत पहिल्या प्रकारात ढकलून मोकळे होतो.

पीण्यात मिलिंग यंत्रावर काम करणाऱ्या, निपाणीकडच्या एका चाळिशीतल्या गृहस्थाने जितेंद्र अभिषेकी यांच्याविषयी जे सांगितले ते या दृष्टीने उद्धृत करण्याजोगे आहे : “बुवा चांगलंच गातात, त्यात काय वादच नाही. पण मला नाही आवडत.” कांटचे दोन्ही निर्णय येथे एकाच वाक्यात शेजारी उभे आहेत आणि बोलणाऱ्याला त्यांचा घोटाळा झालेला नाही. पुढे कारण विचारता तो म्हणाला, “पुढची जागा कुठली घ्यायची ते त्यांचं आधी ठरलेलं असतंय, असं वाटतं.” हे कारण बरोबर आहे की नाही हा वेगळा प्रश्न, अभिषेकींच्या गाण्यातील विचारपूर्वकता हाच अनेकांना त्यांचा मोठा गुण वाटत आला आहे, आणि मलाही तो तसाच वाटतो. परंतु कारण गाण्याविषयीचे आहे, स्वतःविषयीचे नाही. त्याच्याशी वाद घालता येतो. ज्याच्याशी वाद घालता येतो त्या मताला केवळ रुची म्हणून बाजूला सारता येणार नाही.

३

मराठीतील संगीतसमीक्षेने नावडीचे काय केले? मैफल ही आपल्या संगीतव्यवहाराची मूळ जागा, आणि मैफलीत पसंतीला ‘दाद’ हे नाव आहे, नापसंतीला नाव नाही. आवडले तर मान डोलते, हात उठतो, ‘वाहवा’ येते. आवडले नाही तर माणूस गप्प बसतो, घड्याळ पाहतो, फार तर चहाला उठतो. नापसंतीचे शब्द मैफलीबाहेर, परतीच्या वाटेवर बोलले जातात. ‘रसिक’ ही पदवी दाद देणाऱ्याला मिळते. कान तयार असलेल्याला आपण ‘कानसेन’ म्हणतो खरे, पण या कानसेनाने नकार कसा द्यावा याचा रिवाज घडलाच नाही.

रंगभूमीवर परिस्थिती थोडी वेगळी होती. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे चाहते एकमेकांच्या दैवताविषयी उघड बोलत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, त्यात भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा. त्याच वर्षीच्या ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. या प्रसंगाभोवती पुढे जी आख्यायिका तयार झाली ती समेटाची. दोन्ही पक्षांच्या हरकती, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या गाण्यात नेमके काय खटकत होते, हे मागे पडले आणि टाळ्या स्मरणात राहिल्या. मराठी रसिकतेच्या इतिहासाचे हे एक प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल.

लिखित समीक्षेतही तेच. अपवाद आहेत. प्रभात फिल्म कंपनीचे संगीतकार केशवराव भोळे यांनी समकालीन गायकांविषयी लिहिताना गुणांबरोबर दोषही दाखविले, आणि त्यांचे ते लेखन आजही ताजे वाटते याचे कारण तेच आहे. पण मुख्य प्रवाह गौरवाचा राहिला. पु. ल. देशपांडे यांच्या लेखनाने मराठी मध्यमवर्गाचे कान तयार केले हे निर्विवाद. तथापि ते लेखन प्रेमाचे आहे आणि प्रेमाला तुलना सोसत नाही. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ (१९६१) हे याहून शिस्तीचे पुस्तक. व्यवसायाने हिशेबनीस असलेल्या या लेखकाने घराण्यांचा ताळेबंद स्वर आणि लय या दोन रकान्यांत मांडला. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीकडे झुकलेले, आणि जयपूर या दोहोंच्या समतोलावर. मांडणी मार्मिक आहे. पण वामनराव स्वतः मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकले होते हे ध्यानात घेतले, की समतोलाचे मानाचे स्थान जयपूरच्या वाट्याला येणे हा केवळ योगायोग वाटत नाही. आवडीने येथे सिद्धान्ताचा वेष घेतला आहे. हा दोष म्हणून मी सांगत नाही. सिद्धान्ताच्या मुळाशी आवड असणे स्वाभाविक आहे. मात्र अभ्यासकाची आवड सिद्धान्त ठरते आणि कामगाराची आवड आवडच राहते, हा व्यवहार तपासून पाहावा लागेल.

४

मताला वादयोग्य करण्यात ध्वनिमुद्रणाचा वाटा मोठा आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. मैफलीविषयीचे मत ‘त्या दिवशीच्या’ मारव्याविषयी असते, आणि तो दिवस पुन्हा येत नाही. दोन श्रोत्यांचे मतभेद झाले तर दाखवायला काही उरत नाही. तबकडीने ते बदलले. अमीर खाँ यांचा मारवा आणि वसंतराव देशपांडे यांचा मारवा यांपैकी कोणता, हा वाद मराठी घराघरांतून झाला तो दोन्ही मारवे पुन्हा पुन्हा लावून ऐकता येत होते म्हणून. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे, दीर्घमुद्रिकेच्या बाजूला वीस मिनिटांच्या आसपास, कॅसेटवर तीस किंवा पंचेचाळीस, आणि आता फोनवर पुन्हा तीन-चार मिनिटांचे सुटे गाणे. आवडीचे माप या मापांनी ठरत गेले. पीण्यातील पन्नाशीच्या पुढचे श्रोते ‘ती कॅसेट’ असे म्हणतात आणि तिच्या दोन बाजूंविषयी वेगवेगळी मते देतात. किशोरी आमोणकरांचा भूप ज्या बाजूला होता ती झिजली आणि दुसरी नवीकोरी राहिली, असे एकाने सांगितले. याहून स्पष्ट समीक्षा कोणती? पंचविशीतला श्रोता कॅसेट म्हणत नाही आणि अल्बमही म्हणत नाही. तो ‘ते गाणं’ म्हणतो, आणि ते कोणाबरोबर कोणत्या क्रमाने आले होते याची त्याला कल्पना नसते. त्यामुळे ‘हा गायक पूर्वी चांगला होता, आता बिघडला’ हे मत, जे आवडीनिवडीच्या बोलण्यात पूर्वी सर्वांत अधिक ऐकू येई, ते या पिढीत जवळजवळ नाहीसे झाले आहे.

गंगूबाई हनगल यांचे उदाहरण येथे बोलके आहे. १९३० च्या दशकात ‘गांधारी हुबळी’ या नावाने निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत पातळ, उंच पट्टीचा, त्या काळच्या स्त्रीगायकीला शोभेल असा आवाज आहे. घशाच्या विकारानंतर तो आवाज गेला आणि जगाला परिचित असलेला भारदस्त, पुरुषी वाटणारा आवाज आला. जुना आवाज मुद्रित झाला नसता तर ‘गंगूबाई आवडतात का?’ या प्रश्नाला एकच अर्थ राहिला असता. आता विचारावे लागते, कोणत्या? हुबळीजवळच्या एका वृद्ध मराठी फोरमनने, जे निवृत्तीनंतरही पीण्यातच राहिले आहेत, दुसरा आवाज निःसंशय श्रेष्ठ ठरवला आणि वर म्हणाले, “पहिला गोड आहे, पण तसे गोड पुष्कळ होते.”

कुमार गंधर्वांविषयीची मतभिन्नता अधिक खोल आहे. १९४७ च्या सुमारास क्षयाने घेरलेला, देवासला पाच-सहा वर्षे गाण्यावाचून पडून राहिलेला हा गायक परतला तेव्हा लांब दमाची गायकी मागे राहिली होती; छोट्या, तीव्र, मध्येच तुटणाऱ्या स्वरवाक्यांची गायकी आली. वर उल्लेखिलेल्या फोरमनसाहेबांना ती अजिबात मान्य नाही. “तुकडे करतात. राग बसूच देत नाहीत.” त्यांच्याच खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, साचे बनवण्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या बेळगावच्या एका श्रोत्याला कुमार आवडतात ते नेमके याच कारणाने : “मधे जागा सोडतात. तेवढ्यात आपल्याला राग ऐकू येतो.” दोघांनी ऐकले ते एकच आहे. स्वर तुटतो याविषयी दुमत नाही. तुटल्यानंतरच्या शांततेचे मोल किती, यावर दुमत आहे. पाठ्यपुस्तकातील समीक्षेत मतभेदाची जागा इतकी अचूक दाखविलेली मला क्वचितच आढळली आहे.

आणि कुमारांनी स्वतः काय केले? ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाचा कार्यक्रम त्यांनी केला आणि त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. शीर्षकातील ‘मला’ या चतुर्थीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बालगंधर्व असे होते, असा दावा त्यात नाही. मला ते असे उमजले, एवढेच म्हणणे आहे. एका श्रोत्याचे वैयक्तिक मतच येथे कलाकृती झाले आहे. बालगंधर्वांच्या कट्टर चाहत्यांपैकी काहींना ते रुचले नाही, हेही या प्रकाराला साजेसेच झाले.

५

आता पीण्यातील कानांकडे वळू, कारण हे कान सामान्य नाहीत. लेथवर काम करणारा कसबी कारागीर हत्याराची धार गेल्याचे आवाजावरून ओळखतो. कापणीचा स्वर बदलला की काम मोजण्याआधीच त्याचा हात थांबतो. दिवसाचे आठ तास ज्याची उपजीविका ऐकण्यावर अवलंबून आहे, त्याला संगीताचा कान नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण त्याच आठ तासांत हा कान झिजतोही. कारखान्यांतील आवाजासाठी आपल्याकडे आठ तासांना नव्वद डेसिबल ही मर्यादा आहे. प्रेस, हातोडा, घासणी यांच्या सान्निध्यात ती ओलांडली जाणे अवघड नाही. अशा गोंगाटाने श्रवणशक्ती उणावते ती प्रथम चार हजार हर्ट्झच्या आसपास. गाण्याचा मूळ स्वर याच्या खूप खाली असतो, त्यामुळे चाल ऐकू येत राहते. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने ओळखायला मात्र हा वरचा पट्टा लागतो. म्हणजे स्वर राहतो आणि शब्द पुसट होतो.

नव्या मराठी चित्रपटगीतांविषयी पीण्यात सर्वांत अधिक ऐकू आलेली तक्रार अशी : शब्द कळत नाहीत. हीच तक्रार पुण्यातील निवृत्त प्राध्यापकही करतात आणि तिचे कारण भाषेच्या ऱ्हासात शोधतात. पीण्यातल्या श्रोत्याच्या बाबतीत ते कारण अंशतः ध्वनिमिश्रणात, तालवाद्यांना पुढे आणून आवाज त्यांच्यात मुरवण्याच्या पद्धतीत आहे, आणि अंशतः त्याच्या स्वतःच्या कानात आहे. आवडीनिवडीला शरीराचा इतिहास असतो ही गोष्ट आपल्या आस्वादचर्चेत कधी येत नाही. तिच्यातला सहृदय नेहमी निरोगी आणि विश्रांत असतो.

या पार्श्वभूमीवर प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्याविषयीचे प्रेम समजून घेता येते. मंगळवेढ्याच्या या गायकाचा आवाज खुला, शब्दावर आघात करणारा, आणि ढोलक-पेटीच्या वर स्वच्छ उभा राहणारा. अक्षर सुटत नाही. मुलामा देण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका श्रोत्याने आणखी एक निरीक्षण नोंदवले : शिंदे श्वास कुठे घेतात ते ऐकू येते, “आताच्या गाण्यात माणूस श्वासच घेत नाही.” आधुनिक ध्वनिमुद्रणात श्वासाचे आवाज पुष्कळदा काढून टाकले जातात, ही तांत्रिक वस्तुस्थिती त्याला कोणी सांगितलेली नव्हती. त्याने ती ऐकली होती.

पण शिंदे आवडणे ही सरळ गोष्ट नाही. त्यांनी विठ्ठलाची गाणी गाइली आणि बाबासाहेबांचीही गाइली. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखविले आहे की स्वस्त कॅसेटमुळे ज्या समूहांना मोठ्या कंपन्यांनी विचारले नव्हते त्यांचे संगीत बाजारात आले. मराठीत वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, शिंदे यांची गाणी घरोघर वाजली त्यामागे हेही एक कारण होते. पीण्यातील ज्या श्रोत्यांच्या घरात ही भीमगीते वाजतात त्यांना ‘तुमचा आवडता गायक कोण?’ असे विचारले, तर ‘आवडता’ हा शब्द ते बाजूला ठेवतात. “प्रल्हाददादा आपले,” असे उत्तर येते. आपल्या माणसाविषयी आवडनिवड बोलायची नसते. याउलट दुसऱ्या एका गृहस्थांना शिंद्यांची विठ्ठलाची सगळी गाणी पाठ आहेत. ‘बाकीची’ ते ऐकत नाहीत. का, असे विचारल्यावर या एकाच ठिकाणी मला कारण मिळाले नाही. शिवामुठीच्या कहाणीतील नावड हीच. बूर्द्यू यांनी १९७९ मध्ये फ्रेंच समाजाच्या संदर्भात अभिरुची ही वर्गभेदाची भाषा असते असे प्रतिपादन केले. आपल्याकडे ती जातीचीही असते, आणि तिची खूण म्हणजे कारण देता न येणे किंवा देण्याचे टाळणे.

लपवलेल्या आवडीचा एक प्रकार याहून सौम्य आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यातील खानापूरच्या एका बाईंनी आवडीची गायिका म्हणून प्रथम लता मंगेशकरांचे नाव घेतले. हे नाव सर्वच घेतात; ते बहुधा नमस्कारासारखे असते. बोलणे लांबल्यावर त्या म्हणाल्या, “खरं सांगू का सर, सुलोचनाबाईंची लावणी. पण ते काय कुणाला सांगायचंय?” सुलोचना चव्हाण यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गेल्या. या सन्मानाची वार्ता त्या बाईंपर्यंत पोहोचली होती, तरी सांगण्यातला संकोच गेलेला नव्हता. कारण मात्र त्यांनी नेमके दिले : डोक्यावर पदर घेऊन, जागेवरून न हलता, नुसत्या आवाजात सगळे करून दाखवणारी बाई. शिवणयंत्रापुढे दिवसभर जागेवरून न हलणाऱ्या स्त्रीने हे हेरावे, यावर मी अधिक भाष्य करीत नाही.

६

पीण्यात निर्धास्तपणे घेता येईल असे एक नाव आहे, भीमसेन जोशी (१९२२–२०११). गदग जिल्ह्यातला जन्म, पुण्यातले आयुष्य. २००२ चा महाराष्ट्रभूषण, २००५ चे कर्नाटकरत्न, २००८ चे भारतरत्न. मराठीत ‘संतवाणी’, कन्नडमध्ये ‘दासवाणी’. तुकोबांचा विठ्ठल आणि पुरंदरदासांच्या मुद्रेतला विठ्ठल, दोघांनाही एकच आवाज. सीमाप्रश्नाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला कन्नड सहकाऱ्यांत बसून घेता येणारे हे मराठी नाव आहे, आणि कन्नड माणसाला मराठी माणसापुढे घेता येणारे कन्नड नाव.

कर्नाटकात या गोष्टीला वजन आहे. कन्नडमध्ये चाहत्याला ‘अभिमानी’ म्हणतात. मराठीत अभिमानी माणूस म्हणजे स्वतःविषयी ताठा असलेला. कन्नडमध्ये तो दुसऱ्याचा अभिमान वाहतो. डॉ. राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरु’, म्हणजे देवच म्हणत. १९८२ च्या गोकाक चळवळीचे नेतृत्व त्यांनी केले. १२ एप्रिल २००६ रोजी ते निवर्तले तेव्हा शहरात उसळलेल्या हिंसाचारात माणसे दगावली. त्यांची समाधी कंठीरव स्टुडिओच्या आवारात आहे, पीण्यापासून जवळच. अशा शहरात परक्या मुलुखातून आलेल्याने ‘मला अमुक गायक आवडत नाही’ असे म्हणणे हे केवळ रुचीचे विधान राहत नाही. मराठी श्रोते राजकुमारांच्या गाण्याविषयी विचारल्यावर “चांगले गात” एवढेच सांगून थांबतात, ते का, हे यावरून ध्यानात यावे. तेथे भीमसेन हे आश्रयाचे नाव होते.

म्हणूनच ज्या दोघांनी त्यांच्याविषयी नापसंती बोलून दाखवली त्यांचे म्हणणे सविस्तर नोंदवणे अगत्याचे वाटते. दोघे एकाच यंत्रशाळेत, दोन पाळ्यांत काम करतात. एक चंदगडकडचा, घरात वारी असलेला. त्याचे म्हणणे : “अभंगाचं त्यांनी गाणं केलं. आम्ही म्हणतो तेव्हा सगळ्यांनी धरायचा असतो. त्यांच्या ताना सुरू झाल्या की आम्ही नुसते ऐकणारे.” दुसरा तुमकूरकडचा, कन्नडभाषक, दासांची पदे भजनात म्हणत वाढलेला. त्याची तक्रार तीच : पद मध्ये थांबते आणि गायक पुढे जातो. तो विद्याभूषण यांची ध्वनिमुद्रणे ऐकतो, कारण त्यांच्याबरोबर म्हणता येते. या दोघांना एकमेकांचे हे मत माझ्या मध्यस्थीने कळले, तोवर दोघेही दुसऱ्याला भीमसेनभक्त समजून गप्प होते.

अशोक रानडे यांनी संगीताच्या ज्या कोटी कल्पिल्या त्यांत भक्तिसंगीत आणि कलासंगीत वेगळे आहेत. या दोघांची हरकत म्हणजे एका कोटीतील वस्तू दुसरीत नेताना काय गमावले जाते याचा हिशेब आहे. भीमसेनांच्या बाजूने बोलायचे तर असे म्हणता येईल की त्यांच्या अभंगाने वारीत कधी न गेलेल्या लाखोंना वारी ऐकवली. हे मी त्या चंदगडच्या गृहस्थाला म्हणून पाहिले. “ऐकवली, खरंय,” तो म्हणाला, आणि आपल्या फोनवरचे एक ध्वनिमुद्रण त्याने लावले. गावच्या दिंडीचे. विणेकऱ्याचा आवाज लांबून येत होता, कोणी खोकत होते, टाळांनी सारे झाकून टाकले होते. त्याने ते पूर्ण ऐकू दिले नाही, मध्येच थांबवून म्हणाला, “मृदंग मागं पडतोय बघा इथं. ह्या पोराला मी तेव्हाच सांगितलं होतं.”